दगडाला मिळालेली जागा

भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत घेऊन जायचे, हा उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्या आम्हा मराठी घरांचा आता रिवाजच झाला आहे. वाटही ठरलेली असते. आधी केनेडींच्या समाधीपाशी अखंड तेवणारी ज्योत, मग चढण चढून अनामवीरांचे स्मारक. तिथला पहारेकरी एकवीस पावले चालतो, एकवीस सेकंद थांबतो, वळतो आणि पुन्हा एकवीस पावले चालतो. बाबा साताऱ्याहून आले तेव्हाही मी याच वाटेने निघाले होते. अठ्ठावीस वर्षे फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला तो माणूस पांढऱ्या संगमरवरी शिळांच्या रांगांमधून अगदी सावकाश चालत होता आणि दर काही पावलांवर थांबून नाव, हुद्दा, युद्ध असे सगळे मोठ्याने वाचत होता. देवळात पायरी चढताना नमस्कार करावा, तसे ते वाचणे होते.

ज्योत आणि अनामवीरांचे स्मारक यांच्या दरम्यान ग्रँट ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. तिथे एका झाडापाशी बाबा थांबले. ते देवदाराच्याच कुळातले ॲटलस सीडरचे झाड होते. हिमालयात नोकरी केलेल्या बाबांनी देवदार ओळखला आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांना त्याच्या बुंध्याजवळचा दगड दिसला. ग्रॅनाइटचा तो लहानसा दगड आहे आणि त्यावर तांब्याचा पत्रा बसवलेला आहे. मी त्याच्यावरून कितीतरी वेळा गेले असेन, पण वाकून कधी वाचले नव्हते. बाबांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. १९६१ ते १९७३ या काळात लाओसच्या राज्यात लढलेल्या अमेरिकेच्या गुप्त सेनेला, म्हणजे तिथल्या डोंगरांतल्या ह्मोंग समाजाच्या आणि लाओ योद्ध्यांना आणि त्यांच्या अमेरिकन सल्लागारांना, हा दगड अर्पण केलेला आहे, त्यांचे शौर्य आणि निष्ठा कधीही विसरली जाणार नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. खाली तारीख होती, १५ मे १९९७.

बाबांनी मान वर करून सभोवतालच्या रांगांकडे पाहिले आणि विचारले, "ही माणसं यातल्या कुठल्या रांगेत आहेत गं?"

मी म्हणाले, "इथे नाहीत, बाबा. मला वाटतं, त्यांना इथे पुरत नाहीत."

"मग दगड इथे कसा?"

त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते परत गेल्यावर मी या दगडाच्या मागे लागले, आणि त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. पुढचे सारे त्या एका प्रश्नापायी जमवलेले आहे.

२३ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी दूरचित्रवाणीवर लाओसचे मोठमोठे नकाशे मागे ठेवून बोलले. अमेरिकेला हवा आहे तो तटस्थ आणि शांत लाओस, असे त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी, २३ जुलै १९६२ रोजी, जिनिव्हात चौदा देशांनी लाओसच्या तटस्थतेच्या करारावर सह्या केल्या. त्या सह्यांत भारताची सही होती. इतकेच नव्हे, तर सारे परकीय सैनिक देशाबाहेर जात आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी ज्या आंतरराष्ट्रीय आयोगावर होती, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे त्याचे इतर दोन सदस्य होते. आयोगाच्या चौक्यांवरून सहाशेहून अधिक अमेरिकन लष्करी माणसे मोजून बाहेर गेली. उत्तर व्हिएतनामचे हजारो सैनिक लाओसच्या जंगलांत होते, पण चौक्यांवरून त्यांतले जेमतेम चाळीस गेल्याची नोंद झाली. आपल्या देशाचा एवढा निकटचा संबंध असलेली ही घटना शाळेत कोणी आम्हाला सांगितली नाही, आणि बाबांनाही फौजेत असताना तिच्याविषयी काही कळले नव्हते.

बाहेर गेलेल्या अमेरिकनांत विशेष दलांचे, म्हणजे ग्रीन बेरेट म्हणून ओळखले जाणारे सैनिक होते. १९५९ पासून ते साध्या नागरी कपड्यांत लाओसमध्ये प्रशिक्षणाचे काम करत होते. पुढे त्यांच्या तुकड्यांना 'व्हाइट स्टार' हे नाव मिळाले. याच सुमारास, १९६१ च्या जानेवारीत, सीआयएचे अधिकारी बिल लेअर रांजणांच्या पठाराभोवतीच्या डोंगरांत वांग पाओ या ह्मोंग अधिकाऱ्याला भेटले होते. हजारो वर्षांपूर्वीचे प्रचंड दगडी रांजण त्या पठारावर विखुरलेले आहेत, म्हणून त्याचे हे नाव. हत्यारे द्या, आम्ही लढू, असे वांग पाओंचे म्हणणे होते, आणि हत्यारे आली. करारानंतर सीआयएची दोनच माणसे डोंगरांत उरली असली, तरी काही काळातच सारे पुन्हा सुरू झाले आणि या वेळी ते मुद्दाम लपवण्यात आले. कारण कागदावर तटस्थ असलेल्या देशात युद्ध आहे, हे कबूल करण्याची कोणत्याच पक्षाची तयारी नव्हती. उत्तर व्हिएतनामने आपले सैन्य तिथे असल्याचे नाकारले, अमेरिकेने आपले युद्ध नाकारले, आणि मधल्या डोंगरांवर ज्यांची शेते होती ते लढत राहिले.

हे ह्मोंग लोक उंच डोंगरउतारांवर जंगल जाळून भात आणि मका पिकवणारे. सुरुवातीला त्यांच्याकडून अपेक्षा होती ती गनिमी काव्याची, म्हणजे वाटा अडवणे, खबरा आणणे आणि शत्रूला एका जागी स्वस्थ बसू न देणे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण हळूहळू त्यांच्याकडून समोरासमोर उभे राहून ठाणी राखण्याची अपेक्षा होऊ लागली, आणि मूठभर लोकसंख्येच्या समाजाला ते झेपणारे नव्हते. पुरुष लढाईत गुंतल्यावर शेती बसली. मग विमानांतून तांदळाची पोती टाकण्यात येऊ लागली. तांदूळ आकाशातच पिकतो, असा तिथल्या लहान मुलांचा समज झाला होता, असे सांगतात. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला त्यात गंमत वाटली नव्हती, आणि आजही वाटत नाही.

लाँग चेंग नावाच्या दरीत या सेनेचे ठाणे होते. धावपट्टीच्या भोवती वस्ती वाढत वाढत हजारोंची झाली. लाओसमधल्या मोठ्या वस्त्यांत तिची गणना व्हावी, एवढी ती फुगली; पण प्रसिद्ध नकाशांत तिला स्थान नव्हते, आणि वैमानिकांच्या यादीत ती केवळ एका क्रमांकाने आणि 'पर्यायी' या शब्दाने ओळखली जाई. ली लू हा गावातला शाळामास्तर थायलंडमध्ये टी-२८ विमान उडवायला शिकला आणि इथून लढाईवर उडू लागला. ११ जुलै १९६९ रोजी त्याचे विमान पाडले गेले, तोपर्यंत त्याच्या नावावर हजारो उड्डाणे जमा झाली होती. अमेरिकन वैमानिक ठरावीक मुदतीनंतर घरी जात असत, तर ह्मोंग वैमानिक मरेपर्यंत उडत राहत, आणि हे त्या सर्वांनाच ठाऊक होते.

१९६८ च्या मार्चमध्ये फू फा थी पडला. हा उत्तर व्हिएतनामच्या सीमेजवळचा कडेलोटासारखा उभा डोंगर, तिथल्या लोकांना पवित्र वाटणारा. त्याच्या माथ्यावर अमेरिकेने रडार बसवले होते, आणि अमेरिकन हवाई दलाचे तंत्रज्ञ कागदोपत्री दलाबाहेर काढून, नागरिक म्हणून तिथे ठेवले होते. खालच्या चढणीचे रक्षण ह्मोंग आणि थाई सैनिक करत होते. १० मार्चच्या रात्री हल्ला झाला आणि पहाटेपर्यंत माथा गेला. बारा अमेरिकन मृत्युमुखी पडले. जखमी सहकाऱ्यांना हेलिकॉप्टरच्या दोरावर चढवून देणारा आणि स्वतः वर पोहोचल्यावर गोळी लागून मेलेला चीफ मास्टर सार्जंट रिचर्ड एचबर्गर याला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते २०१० मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. गुप्ततेमुळे आपल्याच माणसाचा गौरव करायला एका राष्ट्राला एवढा काळ लागला. त्याच रात्री खालच्या चढणीवर पडलेल्यांचा गौरव कोणी आणि कोणत्या कागदाच्या आधारे करावा?

त्याच वर्षी एडगर ब्यूएल नावाच्या अमेरिकन मदत-अधिकाऱ्याने, जो मूळचा इंडियाना राज्यातला शेतकरी होता, एका पत्रकाराला नव्या भरतीविषयी सांगितले होते. तीनशे नवे जवान गोळा झाले होते. त्यांतली तीस टक्के मुले चौदा वर्षांची किंवा त्याहून लहान होती, आणि त्यांतली दहा तर दहाच वर्षांची होती. आणखी तीस टक्के पंधरा-सोळा वर्षांचे होते. उरलेले चाळीस टक्के पंचेचाळिशीच्या पुढचे. मधल्या वयाचे सगळे मेले होते. हा हिशेब मी बाबांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग ते एवढेच म्हणाले, "दहा वर्षांच्या पोराच्या हातात रायफल पेलत नाही."

मला हा दगड निष्कलंक करून सांगायचा नाही. मुलांना लढाईवर पाठवण्यात त्यांच्या स्वतःच्या नेत्यांचाही हात होता. सगळेच ह्मोंग अमेरिकेच्या बाजूने नव्हते. फायदांग या नेत्याच्या मागे गेलेले ह्मोंग पाथेट लाओच्या कम्युनिस्टांबरोबर लढले, आणि एकाच समाजाची माणसे एकमेकांसमोर बंदूक घेऊन उभी राहिली. शिवाय त्या डोंगरांवर आकाशातून तांदळाखेरीज जे पडले, त्याचाही विसर पडता कामा नये. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकन विमानांनी लाओसवर सुमारे ५,८०,००० फेऱ्यांत वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर नऊ वर्षे रात्रंदिवस दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब. त्यांतल्या क्लस्टर बॉम्बमधून २७ कोटी छोटे गोळे जमिनीवर पसरले आणि त्यांतले सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत. नांगराच्या फाळाला किंवा खेळणाऱ्या मुलाच्या हाताला लागून ते अजून फुटतात. त्या मेलेल्या शेतकऱ्यांसाठी आर्लिंग्टनमध्ये दगड नाही आणि तिथे तो असण्याची अपेक्षाही कोणी करणार नाही. पण तांब्याच्या पत्र्यावरची '१९६१ ते १९७३' ही अक्षरे वाचताना मला तेही आठवतात.

मे १९७५ मध्ये सारे संपले. लाँग चेंगच्या धावपट्टीवर हजारो माणसे विमानांची वाट पाहत बसली होती आणि विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. काही दिवसांच्या फेऱ्यांतून दोन-अडीच हजार माणसे, बहुतेक अधिकारी आणि त्यांची कुटुंबे, थायलंडला पोहोचली. १४ मे रोजी वांग पाओ स्वतः निघून गेले. बाकीचे धावपट्टीवरच राहिले. त्यांतले पुष्कळ पुढे डोंगर उतरून, जंगलांतून लपतछपत मेकाँग नदीपर्यंत आले आणि बांबूच्या तराफ्यांवर किंवा नुसत्या बांबूंना धरून रात्रीच्या अंधारात तिच्यात उतरले. थायलंडमधल्या बान विनाईच्या निर्वासित छावणीत ह्मोंग बायकांनी ही सारी कथा कापडावर भरतकामाने काढली. त्या कापडांवर निळ्या नदीच्या पट्ट्यात इवलीइवली माणसे तरंगताना दिसतात, आणि कोपऱ्यात विमाने असतात.

या नदी ओलांडून आलेल्यांपैकी अनेकजण पुढे मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियात स्थिरावले. आज अमेरिकेत ह्मोंग वंशाची तीन लाखांहून अधिक माणसे आहेत. पण जे घडलेच नाही असे सरकार म्हणत होते, त्या युद्धात लढल्याचा दाखला ते कुठून आणणार? हुद्दा सांगावा तर नोंद नाही, आणि जखम दाखवावी तर ती कुठे झाली ते गुप्त. म्हणून १९९७ च्या त्या मे महिन्याचे महत्त्व. हजारो वृद्ध सैनिक आणि त्यांची कुटुंबे देशभरातून वॉशिंग्टनला आली, आणि देशाच्या सर्वांत पवित्र मानल्या जाणाऱ्या लष्करी भूमीत तो दगड उभा राहिला. लाँग चेंग सोडल्याला तेव्हा बरोबर बावीस वर्षे झाली होती. 'गुप्त सेना' हे शब्द तांब्यावर उघड कोरले गेले, हीच मोठी कबुली होती.

मजकुराच्या शेवटी ह्मोंग भाषेतली एक ओळ आहे. मी पहिल्यांदा ती वाचायचा प्रयत्न केला तेव्हा रोमन अक्षरे ओळखीची असूनही एकही शब्द जिभेवर येईना. नंतर कळले, की या भाषेला ही रोमन लिपी मिळाली तीच मुळी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, काही मिशनऱ्यांच्या हातून. तिच्यात शब्दाच्या शेवटी येणारे व्यंजन उच्चारायचे नसते; ते आवाजाची उंची सांगते. शेवटी 'बी' असेल तर सूर उंच, 'एस' असेल तर खालचा, 'व्ही' असेल तर चढता. 'ह्मोंग' हा शब्दही त्यांच्या लिपीत 'बी' या अक्षराने संपतो, आणि तो 'बी' कोणाच्याही कानाला ऐकू येत नाही. त्या ओळीचा अर्थ साधारण असा, की तुम्हा सर्वांची आठवण कायम येत राहील. या सेनेतल्या बहुतेकांना कुठलीच लिपी येत नव्हती, हे २००० साली अमेरिकन काँग्रेसनेही मानले आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदा करून नागरिकत्वाच्या परीक्षेतली इंग्रजीची अट काढून टाकली. मिनेसोटाचे खासदार ब्रूस व्हेंटो यांनी त्या कायद्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता, आणि तो झाला त्याच वर्षी ते कर्करोगाने वारले.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. ६ जानेवारी २०११ रोजी वांग पाओ कॅलिफोर्नियात वारले, तेव्हा त्यांना आर्लिंग्टनमध्ये जागा मिळावी, अशी मागणी झाली. ती नाकारण्यात आली. फ्रेस्नोत अनेक दिवस त्यांचा अंत्यविधी चालला आणि अखेर ग्लेंडेल येथील एका खाजगी दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा कायदा झाला, आणि २००० च्या कायद्याने नागरिक झालेल्या या सैनिकांना राष्ट्रीय दफनभूमींमध्ये पुरण्याचा हक्क मिळाला. मात्र तो माजी सैनिक विभागाच्या दफनभूमींपुरता होता. आर्लिंग्टन त्या विभागाकडे नाही, ते सेनेच्या ताब्यात आहे. म्हणजे ज्या एका दफनभूमीत त्यांचा दगड आहे, नेमकी तीच त्यांना बंद आहे.

आर्लिंग्टनचे नियम कडक आहेत आणि त्याला कारण आहे, हे मी मान्य करते. चार लाखांहून अधिक माणसे तिथे विसावली आहेत, जमीन संपत चालली आहे, आणि प्रत्यक्ष अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या पुष्कळांनाही तिथे जागा मिळत नाही. पण त्याच भूमीत, घोड्यावर स्वार झालेल्या पुतळ्याखाली, सर जॉन डिल हे ब्रिटिश फील्ड मार्शल आहेत. १९४४ मध्ये वॉशिंग्टनला असताना ते वारले, आणि मित्रराष्ट्राचा एकनिष्ठ सहकारी म्हणून अमेरिकेने त्यांना तिथे सन्मानाने ठेवून घेतले. ते योग्यच झाले. मित्राला जागा देता येते, हे त्या पुतळ्याने दाखवून दिलेले आहे. म्हणूनच देवदाराखालचा दगड मला अर्धा वाटतो, आणि त्याचे दुःख होते.

बाबांच्या गावी, म्हणजे आमच्याच गावी, देवळामागे एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. तो कोणाच्या बाजूने लढला, तेही कोणी विचारत नाही. दसऱ्याला त्याच्यापुढे नारळ फुटतो. त्या दगडात आणि या दगडात फरक आहे तो असा, की आमचा वीर जिथे पडला, तिथल्याच मातीत त्याचा दगड आहे. ह्मोंग सैनिकांचे गाव एका खंडात, मरण दुसऱ्या खंडात आणि दगड तिसऱ्याच लोकांच्या रांगांमध्ये.

माणूस गेल्यावर ह्मोंग लोकांत वाट दाखवण्याचे एक दीर्घ गीत म्हणतात. त्यात मृताच्या जीवाला सांगितले जाते, की तू जिथे जिथे राहिलास त्या प्रत्येक गावी उलट्या क्रमाने परत जा, तिथल्या भूमीचे आभार मान, आणि शेवटी जन्माच्या घरी पोहोच, कारण तिथे तुझी वार पुरलेली आहे. ती तुझे पहिले वस्त्र आहे, ते अंगावर घेतल्याशिवाय तुला पूर्वजांकडे जाता येणार नाही. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. जिथे नाळ पुरली तिथेच जीव ओढतो, असे माझी आजी म्हणत असे, आणि आमच्या परसातली ती जागा तिने मला दाखवली होती. म्हणजे मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात मेलेल्या म्हाताऱ्या सैनिकाचा जीव तिथून निघून बान विनाईच्या छावणीत, तिथून मेकाँग पुन्हा ओलांडून लाँग चेंगला, आणि तिथून वर डोंगरातल्या गावी जाणार. ते गाव उरले असो वा नसो. मग आर्लिंग्टनच्या मातीचे त्याला एवढे काय, असे मी एकदा बाबांना म्हणाले. त्यांना ते मुळीच पटले नाही. "जीव कुठं जायचा तिथं जाईल," ते म्हणाले, "पण पलटणीबरोबर पडलेल्याला पलटणीच्या शेजारी जागा पाहिजे."

त्यानंतरच्या एका मे महिन्यात मी मुद्दाम त्या दगडापाशी गेले. वृद्ध माणसे लष्करी गणवेशात, टोप्या घालून, छातीवर पदके लावून आली होती. काहींना नातवंडांनी दंडाला धरले होते. पुष्पचक्र वाहिले गेले, बिगूल वाजले, लोक पांगू लागले. एक आजोबा मागे राहिले. ते वाकले, आणि बोटाने चाचपडत त्यांनी तांब्यावरची शेवटची ओळ शोधली. शेजारी उभी असलेली नात त्यांना अक्षरे दाखवू लागली, पण त्याची त्यांना गरज नव्हती. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर त्यांनी सोडून दिले, आणि त्या त्या जागी त्यांचा आवाज चढला, उतरला आणि सर्वांत शेवटी अगदी खाली गेला.